हृदयशस्त्रक्रियेनंतर रेंगाळणारा ताप आणि जुनाट क्यू ताप : संशयापासून उपचार थांबवण्यापर्यंतचा क्रम

कृत्रिम झडप बसवून वर्ष-दोन वर्षे झालेली असतात. संध्याकाळी अंग कोमट लागू लागते, रात्री घाम येतो, वजन उतरते, आणि घरचे लोक जवळच्या डॉक्टरांकडून पाच दिवसांचे प्रतिजैविक आणतात. ताप उतरतो आणि पंधरा दिवसांनी परत येतो. मग दुसरे प्रतिजैविक दिले जाते, त्यानंतर केव्हातरी रक्ताचे कल्चर होते, त्यात काही उगवत नाही, आणि 'संसर्ग नाही' असे समजून रुग्ण घरी परततो.

चूक इथेच होते. क्यू ताप ज्या जिवाणूमुळे होतो, तो कॉक्सिएला बर्नेटी जिवंत पेशीच्या आत शिरल्याशिवाय वाढत नाही, त्यामुळे नेहमीच्या कल्चरच्या बाटलीत तो कितीही दिवस ठेवला तरी दिसणार नाही. त्याची तपासणी नाव घेऊन मागावी लागते. कोणी मागितली नाही, तर संसर्ग झडपेवर किंवा महाधमनीच्या कृत्रिम नळीवर महिनोन्महिने, क्वचित वर्षानुवर्षे, गुपचूप वाढत राहतो. आणि उपचार मिळाले नाहीत, तर तो बहुतेक वेळा जीव घेतो.

हा क्रम प्रामुख्याने चार प्रकारच्या रुग्णांसाठी आहे : कृत्रिम झडप बसवलेले, स्वतःची झडप आधीपासून खराब असलेले, महाधमनीवर कृत्रिम नळी किंवा पॅच असलेले, आणि महाधमनीला फुगा असलेले. स्वतःच्याच शिरा वापरून केवळ बायपास झाला असेल, तर हा धोका त्या मानाने फारसा नसतो. लेखातील औषधांच्या मात्रा हाती आलेली चिठ्ठी समजून घेण्यासाठी आहेत. त्या वाचून स्वतः औषध सुरू करू नये.

टप्पा १ : डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी फाइल तयार करा

तयारीला एक पूर्ण दिवस दिला, तर पुढचे अनेक आठवडे वाचतात. फाइलमध्ये पुढील गोष्टी याच क्रमाने लावाव्यात.

१. शस्त्रक्रियेची टिपणी आणि झडपेचे कार्ड. झडप धातूची आहे की जनावराच्या ऊतीची, ती कोणत्या जागी आहे, आणि महाधमनीवर नळी किंवा पॅच लावला आहे का, हे त्यातून कळते.

२. तापाची वही. दिवसातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, ठरावीक वेळी ताप मोजून लिहावा आणि आठवड्यातून एकदा वजन लिहावे. जुनाट क्यू तापात ताप बहुधा हलका असतो, कित्येकांना तो जाणवतही नाही. म्हणून 'अंग गरम वाटत होते' एवढ्यावर भागत नाही.

३. गेल्या वर्षभरातील प्रत्येक प्रतिजैविकाचे नाव, सुरू केल्याची तारीख आणि बंद केल्याची तारीख. रिकामी पाकिटे मिळाली तर तीही ठेवावीत.

४. जुने रक्ताचे अहवाल, तारखेनुसार. ईएसआर (शरीरातील दाह दाखवणारी तपासणी) वाढलेला, हिमोग्लोबिन हळूहळू उतरणारे, प्लेटलेट कमी आणि यकृताची एन्झाइमे थोडी वाढलेली, असे चित्र दिसले तर संशय बळावतो. एकेक अहवाल सुटा पाहिला तर त्यात काही विशेष वाटत नाही, ओळीने लावले की उतार दिसतो.

५. पूर्वीच्या इको तपासण्या, शक्यतो सीडीसह. झडपेतून नव्याने गळती सुरू झाली का, हे जुन्या चित्राशी ताडूनच ठरते.

*इशारा :* धाप वाढली, शुद्ध हरपली, हात-पाय लुळा पडला, बोलणे अडखळले किंवा पायावर अचानक सूज आली, तर फाइल पूर्ण करत बसू नये. रुग्णाला थेट हृदयविकाराच्या रुग्णालयात न्यावे.

टप्पा २ : जनावरांचा इतिहास लिहून काढा

हा टप्पा लोक सर्वांत जास्त वगळतात. 'तुमच्याकडे जनावरे आहेत का?' या प्रश्नाला शहरात राहणारा रुग्ण 'नाही' म्हणतो आणि विषय संपतो. खरे प्रश्न वेगळे आहेत.

हा जिवाणू शेळ्या, मेंढ्या आणि गायी-म्हशींच्या शरीरात राहतो आणि व्यायच्या वेळी वार, गर्भजल व रक्त यांतून प्रचंड संख्येने बाहेर पडतो. तो वाळला तरी मरत नाही. मातीत, लेंडीखतात, गोठ्याच्या धुळीत तो बराच काळ टिकतो आणि वाऱ्याबरोबर उडतो. श्वासातून मोजकेच जिवाणू आत गेले, तरी संसर्ग होऊ शकतो. नेदरलँड्समध्ये २००७ ते २०१० या काळात दुभत्या शेळ्यांच्या मोठ्या गोठ्यांमुळे ४,००० हून अधिक लोकांना क्यू ताप झाल्याची नोंद झाली, आणि त्यांतील अनेकांनी कधी शेळीला हातही लावला नव्हता. ते केवळ त्या परिसरात राहत होते. साथ ओसरल्यानंतर कित्येक वर्षांनीही तिथे झडपेचे आणि महाधमनीचे जुनाट संसर्ग सापडत राहिले.

म्हणून गेल्या पाच वर्षांचा विचार करून या प्रश्नांची उत्तरे लिहावीत. गावी गेल्यावर घरात किंवा शेजारी शेळी, मेंढी, गाय व्यायली होती का? कळपातल्या शेळ्या गाभडल्या होत्या का? वार अडकल्यावर ती कोणी हाताने काढली? शेतात मेंढरे बसवली होती का, आणि त्यानंतर ती जमीन नांगरताना किंवा झाडताना रुग्ण तिथे होता का? लेंडीखत कोणी भरले? कच्चे दूध किंवा न उकळलेल्या दुधाचा खरवस खाल्ला का? घरातील कोणी खाटीक, पशुवैद्यक किंवा दूधसंकलन केंद्रावर कामाला आहे का? घरातल्या आणखी कोणाला त्याच सुमारास दोन आठवडे जोराचा ताप, असह्य डोकेदुखी किंवा न्यूमोनिया झाला होता का?

शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण जवळजवळ निम्म्या लोकांना पहिला संसर्ग झाल्याचे कळतच नाही. रुग्णाला आठवत नसले, तरी त्याच्या भावाला आठवू शकते.

*पडताळणी :* सर्व उत्तरे 'नाही' आली, तरी तपासणी रद्द करू नये. इतिहासामुळे संशय वाढतो. इतिहास नाही म्हणून तो संपत नाही.

टप्पा ३ : नवे प्रतिजैविक देण्यापूर्वी रक्त घ्या

क्रम उलटला की नुकसान होते, ते याच ठिकाणी. रुग्णाची प्रकृती स्थिर असेल, तर नवे प्रतिजैविक सुरू होण्याआधी पुढील नमुने घेण्याची विनंती करावी. प्रकृती स्थिर नसेल, तर औषध थांबवायचे नाही. नमुने घेऊन लगेच औषध सुरू होईल.

१. रक्ताचे कल्चर, निरनिराळ्या जागांहून किमान तीन संच. कॉक्सिएला त्यात सापडणार नाही, तरीही ते हवे; कारण झडपेच्या संसर्गाचे नेहमीचे जिवाणू आधी पाहावेच लागतात.

२. कॉक्सिएला बर्नेटी, फेज १ आणि फेज २, आयजीजी आणि आयजीएम, इम्युनोफ्लुरोसन्स पद्धतीने. चिठ्ठीवर ही ओळ अशी संपूर्ण लिहून घ्यावी. फेज १ आणि फेज २ ही या जिवाणूची दोन रूपे, आणि आयजीजी व आयजीएम हे त्यांच्याविरुद्ध शरीरात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांचे (अँटिबॉडींचे) दोन प्रकार. नुसते 'क्यू फीवर टेस्ट' असे लिहिले, तर प्रयोगशाळा केवळ फेज २ ची तपासणी करून पाठवण्याची शक्यता असते, आणि जुनाट संसर्गाचा निर्णय फेज १ वरच अवलंबून आहे.

३. ईडीटीएच्या नळीतील (रक्त गोठू न देणाऱ्या नळीतील) रक्तावर कॉक्सिएलाचे पीसीआर, म्हणजे जिवाणूचा डीएनए शोधणारी तपासणी.

४. ब्रुसेला आणि बार्टोनेला यांच्या प्रतिपिंड तपासण्या. कल्चरमध्ये हे जिवाणूही सहज हाती लागत नाहीत. ब्रुसेला तर त्याच शेळीतून आणि त्याच कच्च्या दुधातून येतो, आणि बार्टोनेलाचे प्रतिपिंड कॉक्सिएलाच्या तपासणीत कधीकधी गोंधळ घालतात.

५. सीरमची (रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या द्रवाची) एक जादा नळी गोठवून ठेवण्यास सांगावे. सहा महिन्यांनी याच नळीशी नवा नमुना ताडून पाहण्याची गरज पडते.

ही तपासणी प्रत्येक प्रयोगशाळेत होत नाही. नमुना अनेकदा बाहेर पाठवावा लागतो. रक्त देण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात : फेज १ आणि फेज २ दोन्ही होतात का, उत्तर टायटरच्या (सीरम किती पातळ करेपर्यंत प्रतिपिंड दिसतात, त्या) आकड्यात मिळते की केवळ 'पॉझिटिव्ह-निगेटिव्ह' असे, आणि नमुना कोणत्या तापमानात पोहोचवायचा. आकडा मिळणार नसेल, तर दुसरी प्रयोगशाळा शोधावी. पुढची दोन वर्षे याच आकड्यावर चालायची आहेत.

*इशारा :* आपल्याकडे रेंगाळणाऱ्या तापावर, निदान पक्के नसतानाही, क्षयरोगाचे औषध सुरू होण्याचा प्रसंग येतो. कृत्रिम झडप असलेल्या रुग्णाच्या बाबतीत त्याआधी वरील नमुने घेतले आहेत का, हे आवर्जून विचारावे. क्षयरोगावरील रिफाम्पिसिनमुळे वॉरफरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाचा परिणाम घटतो आणि झडपेवर गुठळी होण्याचा वेगळाच धोका उभा राहतो.

*दुसरा इशारा :* जुनाट क्यू तापात ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर किंवा एएनए पॉझिटिव्ह येऊ शकतो. तेवढ्यावरून संधिवात ठरवून स्टेरॉइड सुरू झाले, तर काही दिवस बरे वाटते आणि संसर्ग आत वाढत राहतो.

टप्पा ४ : अहवालातील आकडे नीट वाचा

ताज्या संसर्गात फेज २ चे प्रतिपिंड आधी आणि जास्त वाढतात. जुनाट संसर्गात फेज १ चा आयजीजी वर चढतो आणि बहुधा फेज २ ची बरोबरी करतो किंवा त्याच्याही पुढे जातो. फेज १ आयजीजी १:८०० पेक्षा जास्त असणे हा ड्यूक निकषांमधील, म्हणजे झडपेच्या संसर्गाचे निदान करण्यासाठी डॉक्टर वापरतात त्या ठरलेल्या यादीतील, एक प्रमुख पुरावा आहे. नेदरलँड्समध्ये १:१०२४ ही मर्यादा वापरली जाते. या दोन आकड्यांत विरोध नाही. सीरम पातळ करण्याची सुरुवात १:५० पासून केली की दुपटीने ८०० येतात आणि १:१६ पासून केली की १०२४ येतात.

इथे तीन चुका सतत होतात. पहिली, फेज २ पॉझिटिव्ह पाहून 'जुनाट क्यू ताप' असे म्हणणे. ती पूर्वी होऊन गेलेल्या संसर्गाची खूणही असू शकते. दुसरी, पीसीआर निगेटिव्ह आले म्हणून निश्चिंत होणे. जुनाट संसर्गात रक्तातील पीसीआर अनेकदा निगेटिव्हच येते आणि फेज १ चा आकडा मात्र खूप वर असतो. तिसरी, दोन वेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवून 'वाढले' किंवा 'उतरले' असे ठरवणे. एका पायरीचा फरक, म्हणजे १:८०० आणि १:१६००, तपासणीच्या स्वाभाविक चढउतारातही येतो. चौपट फरक, म्हणजे दोन पायऱ्या, तोही एकाच प्रयोगशाळेत, तरच अर्थ लावावा.

एखाद्या झडपेच्या रुग्णाला नुकताच, म्हणजे ताजा, क्यू ताप झाल्याचे कळले, तर त्याची वाट वेगळी आहे. झडप खराब असलेल्या व्यक्तीत ताजा संसर्ग पुढे जुनाट होण्याचा धोका फ्रान्समधील निरीक्षणांत सुमारे ४० टक्क्यांपर्यंत आढळला आहे. अशा रुग्णाचे रक्त ३, ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी पुन्हा तपासावे, आणि प्रतिबंधासाठी वर्षभर औषध द्यायचे का, हे तज्ज्ञांनी तेव्हाच ठरवावे. ताप उतरला म्हणून या तारखा सोडू नयेत.

टप्पा ५ : संसर्ग कुठे आहे ते शोधा

रक्ताने 'आहे' असे सांगितले, तरी 'कुठे' हे चित्रातूनच कळते. पहिली पायरी म्हणजे अन्ननलिकेतून केलेला इको. छातीवरून केलेल्या इकोत कृत्रिम झडपेची सावली आड येते. शिवाय क्यू तापात झडपेवरील गाठी लहान, गुळगुळीत असतात किंवा दिसतच नाहीत, त्यामुळे 'व्हेजिटेशन नाही' हे वाक्य वाचून थांबू नये. नवी गळती, झडपेचे हलणे किंवा शेजारचा गळू, हे सगळे पाहिले गेले आहे का, ते विचारावे.

दुसरी पायरी एफडीजी पेट-सीटी स्कॅन, म्हणजे साखरेसारखा किरणोत्सारी पदार्थ टोचून, तो जिथे जास्त खेचला जातो ती जागा उजळ दाखवणारे चित्र. कृत्रिम झडप आणि महाधमनीची नळी यांच्यासाठी, तसेच अनपेक्षित जागी दडलेला संसर्ग शोधण्यासाठी, हा स्कॅन फार उपयोगी ठरतो. जुनाट क्यू ताप महाधमनीच्या फुग्यात, कृत्रिम नळीत आणि तिथून शेजारच्या मणक्यांत उतरू शकतो. कृत्रिम सांध्यातही तो आढळला आहे. शस्त्रक्रियेनंतर पाठ दुखत राहिली, की ती झोपण्याच्या सवयीवर ढकलली जाते. ताप आणि पाठदुखी एकत्र असतील, तर ती तक्रार ठळकपणे सांगावी.

या स्कॅनची तयारी बिघडली, की स्कॅनही वाया जातो. हृदयाचा स्नायू साखर खेचतो आणि चित्रात उजळून निघतो, त्याच्या उजेडात झडपेवरील संसर्ग हरवतो. तो स्नायू शांत ठेवण्यासाठी आदल्या दिवशीच्या किमान दोन जेवणांत भात, पोळी, भाकरी, डाळ, फळे, दूध आणि साखर वर्ज्य करून अंडी, मासे, मांस, पनीर आणि तूप-तेल असा आहार घ्यावा लागतो, आणि त्यानंतर साधारण १२ तास केवळ पाण्यावर राहावे लागते. साखर घातलेला एक कप चहा पुरतो सगळे बिघडवायला. मधुमेह असेल, तर इन्सुलिन आणि गोळ्या कशा घ्यायच्या, हे केंद्राकडून लिहून घ्यावे.

*पडताळणी :* शस्त्रक्रिया होऊन तीन महिनेही झाले नसतील, तर जखम भरताना होणारी चमक संसर्गासारखी दिसू शकते. शस्त्रक्रियेची तारीख स्कॅनच्या अर्जावर लिहावी.

टप्पा ६ : औषध सुरू होण्यापूर्वीच्या तपासण्या

नेहमीचा उपचार डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन २०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा असा असतो. दोन औषधे का, हे कळले की त्यातले एक सोडण्याचा मोह होत नाही. हा जिवाणू पेशीतल्या आम्ल कप्प्यात राहतो. त्या आम्लात डॉक्सिसायक्लिन त्याची वाढ रोखते, पण त्याला मारू शकत नाही. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन तो कप्पा कमी आम्ल करते आणि मग डॉक्सिसायक्लिनचा मारा बसतो.

पहिल्या गोळीआधी ईसीजी काढून क्यूटी (ठोक्यानंतर हृदयाची विद्युतक्रिया पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) पाहावा, आणि रुग्ण ॲमिओडॅरोन, ॲझिथ्रोमायसिन किंवा क्यूटी लांबवणारे दुसरे काही घेत असेल तर ते सांगावे. जी६पीडी (तांबड्या पेशी जपणारे एन्झाइम), यकृत आणि मूत्रपिंड तपासावे. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, ओसीटी (पडद्याच्या थरांचे चित्र) आणि दृष्टिक्षेत्रासह, सुरुवातीलाच करावी. ५५ किलोच्या माणसाला दिवसाला ६०० मिलिग्रॅम म्हणजे किलोमागे जवळजवळ ११ मिलिग्रॅम पडतात, आणि दीर्घकाळ घेण्यासाठी नेत्रतज्ज्ञ किलोमागे ५ मिलिग्रॅम ही मर्यादा सांगतात. म्हणूनच पुढची तपासणी 'पाच वर्षांनी' या नेहमीच्या हिशोबावर सोडू नये; नेत्रतज्ज्ञांना मात्रा आणि वजन दाखवून तारीख ठरवून घ्यावी. गर्भवतीला हा उपचार चालत नाही. तिच्यासाठी वेगळे औषध आहे.

*इशारा :* डॉक्सिसायक्लिनमुळे वॉरफरिन आणि ॲसेनोकुमारॉल यांचा परिणाम वाढतो. धातूच्या झडपेच्या रुग्णाने पहिल्या आठवड्यातच आयएनआर (रक्त किती पातळ आहे हे दाखवणारी तपासणी) करावा आणि तो स्थिर होईपर्यंत वरचेवर करत राहावा. महिन्यातून एकदाचे जुने वेळापत्रक इथे धोक्याचे आहे.

टप्पा ७ : गोळ्या रोज नीट घेणे

डॉक्सिसायक्लिन जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यावे आणि अर्धा तास आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. लोह, कॅल्शियम आणि ॲसिडिटीची पातळ औषधे त्यापासून दोन-तीन तास दूर ठेवावीत, कारण त्यांच्याबरोबर हे औषध शोषलेच जात नाही. रक्त कमी आहे म्हणून लोहाची गोळी अनेकांना चालू असते आणि दोन्ही एकाच डबीतून एकत्र गिळल्या जातात. ही चूक फार सहज होते.

डॉक्सिसायक्लिन चालू असताना उन्हाने त्वचा लवकर भाजते. शेतात काम करणाऱ्याने पूर्ण बाह्यांचा सदरा, टोपी किंवा उपरणे वापरावे आणि दुपारचे काम टाळावे. 'उन्हात काळे पडतो म्हणून सोडले' असे म्हणून चौथ्या महिन्यात गोळ्या बंद केल्या, तर सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. मधुमेह्यांनी साखर जास्त वेळा मोजावी, कारण हायड्रॉक्सीक्लोरोक्विनने ती उतरू शकते. सोय असेल तिथे रक्तातील औषधांची पातळीही मोजून घ्यावी. डॉक्सिसायक्लिन मिलिलिटरमागे किमान ५ मायक्रोग्रॅम आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन १ च्या आसपास असावे, असे धरले जाते.

घरात शेळ्या असतील, तर रुग्णाने व्यायच्या वेळी गोठ्यात जाऊ नये आणि वार उचलू नये. इतरांनी हातमोजे व मास्क लावून वार खोल पुरावी, कुत्र्यांना खाऊ देऊ नये, गोठा कोरडा झाडण्याऐवजी आधी पाणी शिंपडावे, आणि दूध उकळूनच वापरावे.

टप्पा ८ : पुन्हा शस्त्रक्रिया ठरली तर

झडप निकामी झाली, गळू झाला किंवा महाधमनीची नळी संसर्गित निघाली, तर शस्त्रक्रिया टळत नाही. काढलेली झडप हा निदानाचा सर्वांत मोलाचा नमुना असतो, आणि ती सवयीने पूर्णच्या पूर्ण फॉर्मलिनमध्ये टाकली जाते. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी शल्यचिकित्सकांना लेखी विनंती द्यावी : एक तुकडा फॉर्मलिनमध्ये ऊतितपासणीसाठी, एक कोरड्या निर्जंतुक डबीत कल्चरसाठी, आणि एक तसाच गोठवून पीसीआरसाठी. चिठ्ठीवर 'कॉक्सिएलाचा संशय' असे ठळक लिहावे. त्यामुळे तपासणी योग्य दिशेने होते आणि प्रयोगशाळेतील कर्मचारीही सुरक्षित राहतात.

टप्पा ९ : औषध केव्हा थांबवायचे

स्वतःच्या झडपेचा संसर्ग असेल तर किमान १८ महिने आणि कृत्रिम झडपेचा असेल तर किमान २४ महिने औषध घ्यावे लागते. सहाव्या महिन्यात ताप नसतो, वजन भरते, भूक लागते, आणि नेमक्या त्याच वेळी गोळ्या सुटतात. बरे वाटणे हा औषध थांबवण्याचा निकष नाही.

प्रतिपिंडांची तपासणी सुरुवातीला दरमहा आणि नंतर दर तीन महिन्यांनी, एकाच प्रयोगशाळेत करावी. आकडा दर वेळी उतरेलच असे नाही. एका अहवालाने घाबरू नये आणि एका अहवालाने हुरळूही नये. किमान मुदत पूर्ण झाली, फेज १ आयजीजी मूळ आकड्याच्या निदान चौपट खाली आला आणि फेज २ आयजीएम नाहीसा झाला, की थांबवण्याचा विचार होतो. तसे झाले नाही तर उपचार लांबतो, आणि महाधमनीच्या नळीचा संसर्ग असेल, तर तो बराच लांबू शकतो.

औषध थांबल्यानंतर पुढील पाच वर्षे रक्ततपासणी चालू ठेवावी. त्या तारखा फाइलच्या पहिल्या पानावर, झडपेच्या कार्डाच्या शेजारी लिहाव्यात, म्हणजे मध्ये डॉक्टर बदलले किंवा गाव बदलले, तरी नव्या डॉक्टरांच्या नजरेस त्या सर्वांत आधी पडतील.